फुगडीचा हात आणि खांद्याची कळ

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की आमच्या गुंजीत दोनच गोष्टींची चर्चा असते. एक पावसाची आणि दुसरी यंदा जागरणाला फुगडीत कोण कोणाचा हात धरणार याची. पाऊस काही कोणाच्या हातात नसतो. फुगडी मात्र सगळी हातातच असते. हातात आणि खांद्यात!

खांद्याचा विषय आज निघाला तो निपाणीकडच्या एका वाचक भगिनीच्या पत्रामुळे. त्या लिहितात, "माझं वय बावन्न. गेले चार महिने उजवा खांदा दुखतो. वेणी घालताना हात मागे जात नाही. गौरीच्या रात्री माझी धाकटी जाऊ आणि मी दरवर्षी फुगडी घालतो. आमची जोडी गावात नावाजलेली. यंदा तिला नाही कसं म्हणू? आणि नाही म्हटलं तर ती काय समजेल?"

मैत्रिणींनो, हे पत्र मी दोनदा वाचलं. कारण यातले दोन्ही प्रश्न एकेकाळी माझे होते. पहिला प्रश्न मी कोणाला विचारला नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर मी मनातल्या मनात चुकीचं देऊन टाकलं. त्याची किंमत खांद्यानेही मोजली आणि एका मैत्रीनेही मोजली. म्हणून आज थोडं स्वतःचं सांगते.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. माहेर बैलहोंगलचं, बोली कानडी. लग्न होऊन गुंजीत आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता आणि मला कानडी येत होतं ते बाजारापुरतं. पहिल्या गौरीला आम्ही एकमेकींशी चार वाक्यंही धड बोललो नव्हतो, पण फुगडी घातली. फुगडीला भाषा लागत नाही. पायाचे चवडे जुळले, हात तिढ्यात धरले आणि मागे झुकलं की समोरची बाई कोण आहे, ते हातालाच कळतं. ती ओढणारी आहे की सांभाळणारी, घाबरट आहे की धीट, दमली तर सांगणारी आहे की लपवणारी. अक्का सांभाळणाऱ्या होत्या. लपवणारी निघाले ती मी!

2018 ची गौर. त्याआधी पाच-सहा महिने माझा डावा खांदा कुरकुरत होता. फळीवरचा डबा काढताना कळ यायची. पाठीमागचं हूक लावताना हात अर्ध्यात अडायचा. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. त्या वर्षीची रोप लावणी आटोपली होती. इरलं डोक्यावर घेऊन, कमरेत वाकून दिवस दिवस चिखलात काढले होते. मला वाटलं, सगळ्याच बायकांचं दुखतं, आपलंही दुखतंय. घरात बोलले नाही, अक्कांना तर नाहीच नाही.

जागरणाच्या रात्री रिंगण पडलं. झिम्मा झाला, पिंगा झाला आणि बायकांनी आमची नावं घेतली. आम्ही उभ्या राहिलो. पहिल्या पाच-सात गिरक्या छान गेल्या. बायकांनी "फू" चा ठेका वाढवला तसा वेग वाढला, आणि माझ्या खांद्यात सुरी फिरावी तशी कळ गेली. माझा हात सुटला. अक्का तोल जाऊन मागे बसल्या, कोपर चांगलंच सोलवटलं. सगळ्या हसल्या. अक्का स्वतःच्या कोपराकडे न बघता मला विचारत होत्या, "याक्री वैनी, एनातु?" काय झालं म्हणून.

मी म्हटलं, "काही नाही, पाय घसरला."

एवढं एक खोटं. पण त्यानंतर अक्कांनी माझ्यापुढे फुगडीसाठी हात केला नाही. पुढच्या वर्षी, 2019 च्या गौरीला, त्या रिंगणाच्या कडेला बसून टाळ्या वाजवत राहिल्या. मी समजले, मी पाडलं म्हणून यांना राग आहे. पुढचं वर्ष कोरोनाचं, जागरणच झालं नाही. येणं-जाणं, वाटी-चमच्याची देवघेव होत राहिली, पण मोकळेपणा गेला तो गेलाच.

खांद्याची उखळ उथळ असते

आता आधी खांद्याचं बघू, मग मैत्रीकडे वळू.

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. खुबा आणि खांदा हे दोन्ही उखळीचेच सांधे. पण खुब्याची उखळ खोल आणि खांद्याची अगदी उथळ. बशीत मोठं लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिथे टेकलेला असतो. म्हणून तर हात वर, मागे, गोल, कसाही फिरतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही सांध्याला इतकी मोकळीक नाही. पण मोकळीक आली की आधार कमी होतो. त्या लिंबाला बशीत धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात. त्यांच्या जुडग्याला डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. त्याच्या आत सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते.

दुखणं यापैकी कशाचंही असू शकतं. चार स्नायूंपैकी एखाद्याची शीर सुजते, झिजते किंवा फाटते, तेव्हा हात वर करताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि जोर कमी पडतो. पण दुसऱ्या कोणी हात धरून हळूच उचलला तर तो बराचसा वर जातो. पिशवीच सुजून जाड आणि घट्ट झाली तर मात्र दुसऱ्याने उचलूनही हात जात नाही. यालाच 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी 1934 मध्ये दिलं, आणि आजही तेच चालतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे धरा आणि कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेर उघडा, दाराची दोन फळकुटं उघडावीत तसे. एक फळकूट उघडलं आणि दुसरं अर्ध्यात अडकलं, तर खांदा गोठत असल्याची शंका घ्यायला हरकत नाही. पण ही फक्त शंका. निदान डॉक्टरांनीच करायचं.

गोठलेला खांदा शंभरातल्या दोन ते पाच जणांना कधी ना कधी होतो. चाळीस ते साठ या वयात जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण कितीतरी मोठं, शंभरात दहा ते वीस. थायरॉइडचा त्रास असलेल्यांतही जास्त. म्हणून कारण नसताना खांदा आखडू लागला तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. माझी साखर वाढलेली आहे हे मला खांद्यामुळेच कळलं. नाहीतर आणखी चार वर्षं गूळ-खोबरं खात बसले असते!

या दुखण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या काही महिन्यांत दुखतं फार आणि खांदा आखडत जातो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं कमी होतं, पण हात जाम असतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. बहुतेकांचा खांदा पुष्कळसा मोकळा होतो, पण आपण काही केलं नाही तर थोडा आखडलेपणा मागे राहू शकतो.

माझ्या चुका, तुमच्या उपयोगासाठी

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आधी तेल लावून जोरात चोळून घेतलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून हात धरून झटका देणाऱ्याकडे गेले. त्या रात्री मी बसून झोपले. सुजलेल्या सांध्याला झटका देणं म्हणजे आखडलेलं दार लाथेने उघडणं. दार उघडत नाही, बिजागरी तुटते. मग एका ठिकाणी "वय झालं, चालायचंच" असं ऐकून आले आणि वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने तीन महिने घेतल्या. पोट बिघडलं. खांदा होता तिथेच.

शेवटी जानेवारीत मुलगा बेळगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी हात स्वतः फिरवून पाहिला, एक्स-रे काढला, साखर तपासली आणि फिजिओथेरपी शिकवणाऱ्या एका तरुण मुलीकडे पाठवलं. ती मुलगी मराठी-कानडी दोन्ही बोलणारी. तिने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, तुम्हाला या हाताने परत काय करायचंय?" स्वयंपाक, वेणी, धुणं असं मी सांगत गेले आणि शेवटी लाजत म्हटलं, "फुगडी." ती हसली नाही. म्हणाली, "मग त्या हिशोबाने तयारी करू." डॉक्टरकडे गेलात की तुम्हीही हे सांगा. आपल्याला काय परत हवं आहे ते सांगितलं तर उपचाराला दिशा मिळते.

तिने जे शिकवलं त्यातलं थोडं देते. पण आधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, कारण कोणता व्यायाम कोणत्या टप्प्यात करायचा हे दुखण्यावर ठरतं.

पहिला लोलक. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका. दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबू द्या. मग अंग थोडं हलवा, म्हणजे हात आपोआप झुलतो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, मग लहान गोल. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. हा व्यायामही त्या कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरा भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथे ओढ बसेल तिथे थोडं थांबून उतरायचं. मी भिंतीवर खडूने खूण करत असे. आठवड्यात बोटभर खूण वर गेली तरी सण वाटायचा. तिसरा छत्रीचा. उताणं झोपून कोपरं अंगाशी ठेवायची, मिटलेली छत्री दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हळूच बाहेर ढकलायचं. दुखणं ओसरल्यावर चौथा, जोर वाढवण्याचा. पाठीचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढून पाच आकडे थांबायचं, आणि खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा कोपर अंगाशी ठेवून ओढायचा.

नियम एकच. व्यायाम करताना थोडी ओढ चालेल. पण नंतर तासाभराहून जास्त ठणकलं किंवा रात्रीची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. बंद मात्र करायचं नाही. हात गळ्यात बांधून महिनाभर स्वस्थ बसणं हे गोठलेल्या खांद्याला सगळ्यात वाईट.

सुरुवातीच्या ठणक्यात डॉक्टर कधी सांध्यात इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे आराम पडतो आणि तेवढ्यात व्यायाम करून घेता येतो. साखर असेल तर ती काही दिवस वाढू शकते, म्हणून आधी सांगायचं. आणि काही गोष्टींत तर एक दिवसही थांबू नका. पडल्यानंतर खांद्याचा आकार बदलला, हात अजिबात उचलेना, तापासह खांदा लाल होऊन सुजला, हाताला मुंग्या येऊन पकड सुटू लागली, तर लगेच दवाखाना गाठा. डावा खांदा दुखताना छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर तो खांद्याचा नाही, काळजाचा निरोप असू शकतो. तिथे तेल लावत बसू नका.

फुगडीत खांद्यावर किती ओढ पडते?

आता फुगडीचा हिशोब. भाचा पदार्थविज्ञान शिकवतो, त्याने मला हा मांडून दिला. साठ किलोच्या दोन बायका, दोन सेकंदांत एक गिरकी अशा बेताच्या वेगाने फिरत असतील, तर नुसत्या फिरण्यामुळे प्रत्येकीचं अंग साधारण तीस किलोच्या जोराने बाहेर खेचलं जातं. मागे झुकल्याचा भार वेगळा. त्यातला बराचसा भाग दोन हातांतून खांद्यांवर येतो. आता वेग दुप्पट केला, म्हणजे सेकंदाला एक गिरकी, तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते! बघणाऱ्या बायका ठेका वाढवतात तेव्हा त्यांना वाटतं, थोडं जलद. खांद्याला मात्र ते थोडं नसतं.

हे काही फुगडीपुरतंच नाही. शहरातल्या वर्गांत सालसासारखे जोडीचे नाच शिकतात, तिथेही जोडीदाराने हात झटक्याने वर ओढून गिरकी दिली की खांदाच पहिली तक्रार करतो. तिथले शिक्षक सांगतात की हाताने ओढू नका, अंगाने न्या. आपल्या आज्या हेच वेगळ्या शब्दांत सांगायच्या, "पोरी, हातात लोंबकळू नको, पायावर उभी राहा."

त्याचा अर्थ मला खांदा गेल्यावर कळला. कोपर पूर्ण ताठ करून लोंबकळलं तर सगळा भार सांध्याच्या पिशवीवर आणि शिरांवर पडतो. कोपरात किंचित बाक ठेवला, खांदे कानाकडे न चढवता खाली ठेवले आणि फरे मागे घेतले, तर तोच भार पाठीचे मोठे स्नायू उचलतात. कमरेत मोडायचं नाही, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेघेत ठेवून झुकायचं. नुसत्या बोटांत बोटं न अडकवता मनगटाजवळ घट्ट धरायचं. उंची-वजनात फार फरक असलेली जोडी जमवायची नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात पाय धरून राहायचा, आता घरोघरी गुळगुळीत फरशी आहे, तेव्हा पायाखालचं पाणी, सांडलेली फुलं आधी पुसून घ्यायची. आणि थांबायचं तेही दोन-तीन गिरक्यांत वेग उतरवत. एकदम हात सोडायचा नाही, मी सोडला तसा.

"फू" चंही महत्त्व आहे. फुगडीतला तो उच्छ्वास नुसती गंमत नाही. श्वास ठेक्यात सुटतोय तोवर अंग ठेक्यात आहे. श्वास अडकला, दात आवळले गेले, म्हणजे कुठेतरी दुखतंय किंवा दम संपलाय. समोरचीची "फू" तुटली की आपण वेग उतरवायचा. तिने सांगण्याची वाट बघायची नाही.

खांदा बरा होईपर्यंत रिंगणाबाहेरच बसायला हवं असंही नाही. पिंग्यात हात कमरेवर असतात. झिम्म्यातली टाळी छातीच्या उंचीवर, कोपर वाकवून देता येते, शेजारणीला तेवढं सांगून ठेवायचं. बसफुगडी उकिडवं बसून घालायची, तिथे परीक्षा गुडघ्याची. गुडघे ठीक असतील तरच तिच्या वाटेला जा. आपल्या बायकांनी इतके प्रकार करून ठेवलेत की प्रत्येक दुखण्याला एकेक वाट आहे! डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून बायकांचे हे खेळ आणि गाणी जमवली म्हणून त्यातलं पुष्कळ आज कागदावर उरलं आहे. तुकोबांच्या गाथेतही फुगडीचे अभंग आहेत, आणि पंढरीच्या वाटेवर बापे माणसंसुद्धा हातात हात घेऊन फुगडी घालतात. 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा' हा सहा बहिणींच्या मंगळागौरीच्या स्पर्धेचा सिनेमा आला, त्यानंतर तर पन्नाशीच्या पुढच्या बायकाही पदर खोचून उभ्या राहू लागल्या. चांगलंच आहे. फक्त बारा महिने न हललेला खांदा एका रात्रीत सगळं देईल अशी अपेक्षा नको. महिनाभर आधीपासून रोज थोडं हात-पाय हलवा.

आमच्या खानापूरकडच्या बायकांना आणखी एक सांगते. आपला खांदा फुगडीने क्वचित बिघडतो. तो आधीच थकलेला असतो. आषाढात रोप लावणी, मग भांगलण, गवताचे भारे, विहिरीचा पोहरा, उंच फळीवरचे डबे. त्यावर भाद्रपदात फुगडी येते आणि नाव तिचं होतं. कानडी घरांत पंचमीला जोकाली बांधतात, तो झोकाही खांद्यावरच घेतला जातो. म्हणून रोजच्या कामातही थोडं बघा. जड डबे खालच्या फळीवर आणा. भारा दोन खेपांत न्या. दुखऱ्या कुशीवर झोपू नका, हाताखाली उशी घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ती मैत्री

2020 ची गौर आली तेव्हा सगळी दारं अर्धी बंद होती. अक्का हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आमच्या पायरीपर्यंत आल्या आणि बाहेरच थांबल्या. मी आतून पाट आणायला गेले. तो वरच्या फळीवर होता. डाव्या हाताने काढता येईना म्हणून उजव्याने ओढला. त्यांनी पाहिलं.

"वैनी, तो हात अजून वर जात नाही?"

"आता बराच जातो. आधी जात नव्हता."

"आधी म्हणजे कधी?"

मी सांगितलं. त्या रात्रीच्या आधीपासून दुखत होता, पाय घसरला नव्हता, हात सुटला होता, सगळं. अक्का पायरीवरच बसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "दोन वर्षं मला वाटतंय, मीच जोरात ओढलं. माझ्या ओढण्याने तुमचा हात गेला. म्हणून परत हात धरायला भीती वाटत होती. तेव्हाच सांगायचं नाही का?"

मी ज्याला राग समजत होते, ती भीती होती. मी माझं दुखणं झाकलं म्हणून त्यांनी ते स्वतःच्या माथी घेतलं. जोडीच्या खेळात असंच होतं. एकटीने सहन केलेलं दुखणं एकटीपुरतं राहत नाही. समोरचीच्या हाताला ते लागतं, पण कळत नाही की काय लागलं.

2021 साली घरातल्या घरात, आम्ही दोघी आणि सुना एवढ्याच असताना, आम्ही पुन्हा फुगडी घातली. हात धरण्याआधी अक्कांनी विचारलं, "किती दुखतंय, खरं सांगा." मी म्हटलं, "थोडं. पाच गिरक्या." त्या "साक्री" म्हणाल्या की थांबायचं, किंवा मी "बस" म्हटलं की थांबायचं, असं ठरलं. पाच गिरक्या घातल्या आणि थांबलो. वेग असा की घरातली म्हातारी मांजरसुद्धा उठून गेली नाही! पण त्या फुगडीइतका आनंद मला तरुणपणीच्या कुठल्याही फुगडीने दिला नाही.

तेव्हा निपाणीच्या ताई, तुमच्या पत्राला उत्तर असं. चार महिने दुखतंय म्हणजे आधीच उशीर झालाय, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि साखर तपासून घ्या. यंदा जावेला नाही म्हणायचं असेल तर नुसतं नाही म्हणू नका, कारण सांगा. "मला नको" म्हटलं तर तिला वाटेल, तिचं काही चुकलं. "माझा खांदा दुखतोय, यंदा पिंगा घालू, पुढच्या वर्षी फुगडी तुझ्याशीच" असं म्हटलं तर ती पुढच्या वर्षीपर्यंत तुमची भिंतीवरची खूण मोजत बसेल. जोडीदारीण मिळायला नशीब लागतं. तिला अंधारात ठेवू नका.

आणि ज्यांचे खांदे धडधाकट आहेत त्यांनीही हात धरण्याआधी समोरचीला एकदा विचारावं, कुठे दुखतंय का? दोन क्षण लागतात.

आमच्या दोन्ही घरांतल्या नाती आता फुगडी शिकताहेत. अक्का त्यांना कानडीत सांगतात, मी मराठीत. पण वेग वाढला की आम्हा दोघींच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द निघतो, आणि तो दोन्ही भाषांत सारखाच आहे. सावकाश!